भंडारा उचलून सोडलेली मुंडी

देवासच्या धाकट्या पातीच्या मुदपाकखान्यात कृष्णाजी धुमाळांचं काम वाटे घालण्याचं होतं. बोकड कापायला खाटीक होता, शिजवायला आचारी होते. राना आणि चापा, म्हणजे मांड्या आणि बरगड्या, आत सरकारी चुलीवर जात. उरलेलं सगळं, म्हणजे मुंडी, चार पाय, वजडी, फोफसा आणि काळजाचा एखादा तुकडा, मागच्या ओट्यावर येई आणि नोकर मंडळींत वाटलं जाई. आज मुंडी कोणाची, पाय कोणाचे, वजडीवर कोणाची पाळी, हे कृष्णाजींच्या डोक्यात असे. हुजरे, मशालजी, पागेतले मोतद्दार आपापलं भांडं घेऊन उभे राहत. कृष्णाजी खाली मान घालून सुरी चालवत. वर बघितलं की ओळख निघते आणि वाटा वाकडा होतो, असं ते म्हणत.

देवासला तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात रस्त्याच्या अल्याड-पल्याड. दोन्हीकडे मुदपाकखाने होते आणि दोन्हीकडचे नोकर एकमेकांच्या वजडीला नावं ठेवत. थोरल्या पातीचे लोक वजडी नुसत्या पाण्यात बुचकळून काढतात आणि वरून मसाला मारतात, असं धाकटीकडे बोललं जाई. पलीकडेही असंच काहीसं बोलत असणार.

कृष्णाजींच्या वाट्याला जे येई ते भवानीबाई शिजवत. त्या मूळच्या सोनकच्छकडच्या, पण हात देवासच्या नोकरवस्तीत तयार झालेला. मुंडी आणि पाय आधी लोहाराच्या भट्टीवर केस जाईपर्यंत भाजून घ्यायचे, मग दगडावर सुरीने खरवडायचे. पाय संध्याकाळी मडक्यात घालून निखाऱ्यावर ठेवायचे, ते सकाळी उतरायचे. वजडीला कोमट पाण्यात चुना लावून काळी साल ओढून काढायची, ती पांढरीशुभ्र झाली पाहिजे. आतड्यांची वेणी घालायची, म्हणजे शिजताना पसरत नाहीत. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, थोडी खसखस, घरचा काळा मसाला, आणि सोबत ज्वारीची भाकरी. कृष्णाजींना रानेचं मटण कधी आवडलं नाही. मेजवानीनंतर आतून उरलेलं येई, तेव्हा ते दोन तुकडे खाऊन बाजूला ठेवत. रानेत असतं काय, नुसते दोरे, असं त्यांचं मत होतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं. मुदपाकखाना एका दिवसात बंद झाला नाही, हळूहळू आटत गेला. आधी मेजवान्या गेल्या, मग आचारी कमी झाले, मग कृष्णाजींना सांगण्यात आलं की आता वाटे घालण्याइतकं काही कापलं जाणार नाही. त्यांना वाईट वाटलं ते नोकरीचं, पण त्याहून अधिक ओट्याचं. नवरात्रात त्या ओट्यावर वाट्यांचे ढीग लागत. त्या वर्षी ओटा धुऊन कोरडा ठेवला होता.

अष्टमीला नोकर मंडळी टेकडीवर तुळजाभवानीच्या दर्शनाला गेली. बरोबर भैयासाहेब मोहिते होते. मुदपाकखान्यावरचे अधिकारी, कडक माणूस. बायका ओटीची ताटं घेऊन मागे होत्या. ढोल वाजत होते. कृष्णाजींनी पुजाऱ्याच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला, मूठ वर केली, काहीतरी बोलले आणि भंडारा कपाळाला लावला. मराठा माणसाने बेल-भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. भैयासाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच पायऱ्यांवरून खाली आणलं.

खाली आल्यावर भवानीबाईंना कळलं की नवऱ्याने मुंडी, पाय आणि वजडी सोडली. घरात शिजणार नाही. किती दिवस, तर राज्य परत येईपर्यंत. असं त्यांना बरोबरच्या माणसांकडून समजलं आणि कृष्णाजींनी ते नाकारलं नाही. होळीपर्यंत राज्य परत येणार, असं तेव्हा पायरीपायरीवर कोणी ना कोणी सांगत होतं. चारपाच महिन्यांचा प्रश्न होता.

होळी आली आणि गेली.

कृष्णाजींना कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकावर चौकीदारी मिळाली. पगार थोडा होता. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण रागाच्या भरात नेमकी चुकीची वस्तू सोडली. रानेचं मटण खायला त्यांना बंदी नव्हती, पण ते परवडत नव्हतं. जे परवडत होतं ते सोडलेलं होतं. घर शाकाहारी झालं. डाळ-बाफले, कढी, भुट्ट्याचा कीस, पिठलं. भवानीबाई हे सगळं नीट करत, पण त्यात त्यांचं लक्ष नसे. शेजारणी पूर्वी पाय कसे शिजवायचे ते विचारायला येत. त्या यायच्या थांबल्या.

भेरू खाटकाच्या गल्लीतून कृष्णाजी जाईनासे झाले. मुंडी भाजल्याचा वास लांबून येतो. जिनिंगला जायला ते वळसा घालत. चहाच्या दुकानात मात्र बोलत. मुंडीत भेजा कुठे संपतो आणि जीभ कशी सोडवायची, डोळ्याच्या मागचा मऊ भाग मुलांना का द्यायचा, पायाच्या नळीतला गर काढायला ताटावर ती कशी ठोकायची, हे ऐकायला चार माणसं जमत. एकदा कोणीतरी म्हणालं, "कृष्णाजी भिया, इतकं बोलता, एक दिवस खाऊन टाका. देवी काय चुलीत डोकावते आहे?" त्या दिवशी ते चहा अर्धा टाकून घरी आले.

देवी डोकावत नव्हती, पण भवानीबाई होत्या. त्यांच्या लहानपणी वडिलांनी भंडारा उचलून दारू सोडली होती आणि शिमग्याला कोणाच्या तरी आग्रहाने घेतली. त्याच वर्षी गावात प्लेग आला आणि त्यांचा थोरला भाऊ गेला. त्या ही गोष्ट क्वचित सांगत. सांगितली तरी तिच्यातून काही निष्कर्ष काढत नसत. पण टेकडीवरच्या पुजाऱ्याने एकदा सुचवलं की खण-नारळ द्या, सवाष्ण जेवू घाला, देवी मोकळं करील, तेव्हा त्या उठून आल्या. देवीशी तडजोड कसली, एवढंच त्या वाटेत म्हणाल्या.

मुलगा भगवंत शिकला आणि बांधकाम खात्यात कारकून लागला. म्हणजे वडिलांचं राज्य ज्याने घेतलं त्याच मध्यभारत सरकारचा तो नोकर झाला. कृष्णाजींना याचं काही वाटलं नाही. पहिल्या पगाराचे पेढे त्यांनीच वाटले. राज्य परत यावं असं त्यांना तोपर्यंत वाटेनासंच झालं होतं, कारण ते आलं तर भगवंताची नोकरी कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. मनात ही गोष्ट पक्की झाली आणि तिथेच ते अडकले. ज्या दिवशी शपथ फिटेल तो दिवस येऊ नये, असं त्यांना वाटायला लागलं.

भगवंताचं लग्न धारच्या मुलीशी झालं. बकुळा. तिच्या माहेरी दर आठवड्याला पाय शिजत. इकडचा नियम तिला लग्नाआधी सांगितलेला होता आणि तिने तो पाळला. माहेराहून परत आली की कृष्णाजी प्रवासाची, व्याह्यांच्या तब्येतीची चौकशी करत आणि मग जरा थांबून विचारत, "बाकी, जेवणाखाण्याचं काय होतं?"

बकुळा एकदा म्हणाली, "मामंजी, दोनदा पाय होते आणि एकदा मुंडी. आईने मुद्दाम भेजा माझ्यासाठी ठेवला होता."

"रस्सा दाट होता का?"

"मध्यम."

"तुमच्या धारला पातळच करतात," कृष्णाजी म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. भवानीबाईंनी सुनेला सांगितलं की पुढच्या वेळी वरण-भात खाल्ला म्हणून सांग.

छप्पन सालच्या पावसाळ्यात कृष्णाजी आजारी पडले. ताप उतरेना. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला आणि नुसत्या पेजेवर ठेवलं. त्या अंथरुणात त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती निघेना. आपण असेच गेलो तर शपथ कोणाकडे जाणार? माणूस मेला म्हणून देवीपुढे उचललेला भंडारा मरत नाही. ती शपथ थोरल्या मुलाच्या डोक्यावर जाते, आणि भगवंत तर हे काही मानत नाही. तो भेरूकडून पिशवी भरून आणणार, आणि मग जे व्हायचं ते बकुळाच्या पोटातल्या मुलाला होणार. बकुळाला तेव्हा दिवस होते.

ताप उतरला. भीती राहिली. कृष्णाजी काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मुलाला समोर बसवून सांगितलं की माझ्यामागे तुला हे पाळावं लागेल. भगवंत चिडला. राज्य परत येणार नाही, हे आबा, तुम्हालाही माहीत आहे, मग हे किती पिढ्या चालवायचं, असं त्याने विचारलं. आणि आपल्याला एवढ्यात आणखी काळज्या आहेत, मध्यभारतच राहत नाही, सगळी कचेरी भोपाळच्या नावाने चालणार, कारकुनांची बदली कुठे होईल ते कोणाला ठाऊक नाही, असंही तो बोलून गेला.

कृष्णाजींनी बदलीचं काही ऐकलं नाही. मध्यभारत राहत नाही म्हणजे काय, ते त्यांनी पुन्हा विचारलं. भगवंताने समजावलं. कायदा झाला आहे, एक नोव्हेंबरपासून मध्यभारत नावाचं राज्य नकाशावर राहणार नाही, सगळं मिळून मध्यप्रदेश. कृष्णाजींनी त्याला तीनदा सांगायला लावलं. भगवंताला वाटलं, तापाने डोकं जड झालं आहे.

डोकं जड झालं नव्हतं. टेकडीवर त्या दिवशी आपण मध्यभारताचं नाव घेतलं होतं, असं त्यांना अंधुक आठवत होतं. नेमकं काय बोललो ते आठवत नव्हतं. राग होता, ढोल होते. राज्य परत येईपर्यंत म्हणालो, की मध्यभारत असेपर्यंत म्हणालो? तेव्हा दोन्ही एकच वाटत होतं. मध्यभारत मोडलं की राज्य परत आलंच, यापलीकडे कोणी विचार केला नव्हता. मध्यभारत जाईल आणि तरीही राज्य येणार नाही, अशी तिसरी वाट असेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

भवानीबाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या भाकऱ्या करत होत्या. त्यांनी भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली. मग म्हणाल्या की इतकी वर्षं राज्य येईपर्यंत असं चाललं होतं, आता मुंडी खावीशी वाटली म्हणून मध्यभारत आठवलं का?

"अगं, मला खात्रीने आठवत नाही, असंच मी म्हणतो आहे," कृष्णाजी म्हणाले. "आठवत असतं तर तुला विचारलं असतं का?"

भवानीबाईंना हे पटलं. खोटं बोलणारा माणूस खात्रीने बोलला असता. पण त्यांनीही ते शब्द स्वतः ऐकले नव्हते. त्या मागे होत्या, ताट सांभाळत होत्या. ज्यांनी त्यांना सांगितलं ते दोघं आता हयात नव्हते. शेजारी उभा असलेला एकच माणूस उरला होता: भैयासाहेब मोहिते. ते विलीनीकरणानंतर धारला पुतण्याकडे राहायला गेले होते.

कृष्णाजी म्हणाले, जाऊ नये. आत्ता निदान शंका आहे. भैयासाहेबांनी राज्याचं नाव सांगितलं तर शंकाही गेली, मग भगवंताच्या मुलांपर्यंत हे असंच. भवानीबाई म्हणाल्या, शंकेवर शिजवलेलं मी ताटात वाढणार नाही. जायचं तर मी बरोबर येणार, आणि विचारायचं ते मी विचारणार. तुम्ही काय विचाराल आणि येऊन काय सांगाल, याचा मला भरवसा आहे, पण देवीला माझा भरवसा वाटला पाहिजे.

दसरा झाल्यावर दोघं मोटारीने इंदूरला आणि तिथून धारला गेले. इंदूरपर्यंत कृष्णाजी बोलत होते. भवानीबाईंनी बरोबर दशम्या घेतल्या होत्या. कृष्णाजींनी त्यातली एकही खाल्ली नाही.

भैयासाहेबांचं घर मुंज तलावाच्या बाजूला होतं. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाजावरून त्यांनी कृष्णाजींना ओळखलं. कृष्णाजींनी मुजरा केला. भैयासाहेबांनी पाणी मागवलं, जिनिंगची चौकशी केली, धाकट्या पातीतल्या दोन-तीन माणसांचं कोण गेलं कोण आहे ते विचारलं. मोठ्याने हसणं, पाठीवर थाप मारणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मुदपाकखान्यात असताना त्यांनी कोणाला खूश करायला एक शब्द उच्चारल्याचं कोणाला आठवत नाही. भवानीबाई त्यांच्याकडे यायला तयार झाल्या त्या याच कारणाने.

त्या पदर सावरून पुढे झाल्या. "भैयासाहेब, विलीनीकरणाच्या साली अष्टमीला टेकडीवर यांनी भंडारा उचलला, तेव्हा आपण शेजारी होता. हे काय बोलले तेवढंच सांगा. काय बोलायला हवं होतं ते नको."

भैयासाहेबांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "हे मध्यभारत जोवर आहे तोवर मुंडी, पाय, वजडी माझ्या घरात शिजणार नाही. एवढं बोलला. मोठ्याने बोलला."

"राज्य परत येईपर्यंत असं नाही म्हणाले?"

"राज्याचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही."

"इतकी वर्षं झाली. आपल्याला पक्कं कसं आठवतं?"

"कारण मी घाबरलो होतो, बाई," भैयासाहेब म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पेन्शनचं प्रकरण तेव्हा नव्या सरकारकडे पडून होतं. मागच्या पायरीवर पांढरी टोपी घातलेला एक अनोळखी माणूस उभा होता, तो कोण हे कोणाला माहीत नव्हतं. आणि भैयासाहेबांच्या खात्यातला माणूस सरकारचं नाव घेऊन भंडारा उचलतो. राज्य परत यावं असं तेव्हा गल्लीतलं पोरही म्हणत होतं, त्याची कोणाला भीती नव्हती. पण नव्या सरकारचं नाव घेऊन देवीपुढे मूठ वर करणारा हा एकटा. वर ते वाक्य असं की ते ऐकून कोणीही म्हणावं, हे लोक सरकार मोडायला बसले आहेत. पेन्शन सुरू होईपर्यंत भैयासाहेबांनी ते वाक्य रोज मनात घोळवलं होतं. कोणी जाब विचारला तर त्याचा दुसरा अर्थ काय सांगता येईल, याची ते जुळवाजुळव करत होते. त्यामुळे एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. म्हणूनच त्या दिवशी त्यांनी कृष्णाजींना दंड धरून खाली आणलं होतं.

"तो माणूस पुढे कळला," ते म्हणाले. "इंदूरचा कापडवाला होता. मुलाच्या जावळाला आला होता."

भवानीबाई उभ्या होत्या त्या ओसरीच्या कडेवर बसल्या. आपण अधिकाऱ्यासमोर बसलो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, तरी त्या उठल्या नाहीत. कृष्णाजी मान खाली घालून होते. त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड.

हा माणूस इतकी वर्षं खरोखरच मुंडीशिवाय राहिला आहे आणि आता त्याची शपथ फिटणार, हे भैयासाहेबांना आता कळलं. त्यांनी कृष्णाजींना विचारलं की तू येणाऱ्या मध्यप्रदेश सरकारबद्दल काही बोलला आहेस का. कृष्णाजी नाही म्हणाले.

"बोलू नकोस. माझं पेन्शन आता त्यांच्याकडे जाणार आहे."

येताना इंदूरच्या मोटारतळावर कृष्णाजींनी दशम्या मागून घेतल्या आणि सगळ्या संपवल्या.

एक नोव्हेंबरला मध्यभारत गेलं. भगवंताच्या कचेरीवरची पाटी दोन दिवस आधीच उतरवलेली होती. त्याची बदली झाली नाही. पण मध्यभारत गेलं त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. दिवाळीत मटण शिजवायला भवानीबाई तयार नव्हत्या. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला. भाऊबीजेला बकुळाचा भाऊ आला, तो गोडाधोडाचं जेवून गेला. मग सोमवार, तो महादेवाचा. मग मंगळवार, तो देवीचाच. कृष्णाजींनी घाई केली नाही. शपथेत जेवढे दिवस नव्हते तेवढे पंचांगात आहेत, एवढंच ते म्हणाले. मंगळवारी दोघं टेकडीवर जाऊन ओटी भरून आले.

बुधवारी सकाळी भवानीबाई स्वतः भेरूकडे गेल्या. भेरूला विश्वास बसेना. पायांना आता गिऱ्हाईक वाढलं होतं, वजडी मात्र कोणी फारशी नेत नव्हतं. नव्या घरांतल्या बायकांना ती धुवायचा कंटाळा, म्हणून तो ती कुत्र्यांना टाकत असे. "माई, तुम्ही नेता तर रोज ठेवीन," तो म्हणाला. मुंडी आणि पाय त्याने समोर भाजून दिले. घरी येईपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं.

भवानीबाईंचा हात चुकला. पाय आदल्या संध्याकाळी ठेवायला हवे होते, पण मंगळवार होता, त्यामुळे सकाळी चढवले. दुपारी ते उतरले तेव्हा हाडापासून नीट सुटत नव्हते. मीठ कमी पडलं. वजडीत कुठे कुठे काळी साल राहिली, कारण आता त्यांनाही जवळचं नीट दिसत नव्हतं. आठ वर्षांत खसखस कुठल्या डब्यात ठेवतात हेसुद्धा विसरायला झालं होतं, कारण ती दुसऱ्या कशात लागतच नव्हती.

कृष्णाजी ताटावर बसले. मागचे दात पडलेले होते, वजडी चावेना. त्यांनी दोन घास तोंडात घोळवून बाजूला ठेवले. भेजा खाल्ला, जीभ खाल्ली, पायाची नळी ताटावर ठोकली. गर बाहेर आला नाही. पुरेसा शिजला नव्हता. त्यांनी नळी भगवंताकडे दिली, त्याने ओढून काढला. भगवंत वडिलांसमोर आठ वर्षांनी मुंडीचं मटण खात होता. शाळेत असताना घरातून ते गेलं, त्यानंतर चोरून मित्रांकडे खाल्लं होतं हे त्याने त्या दिवशी सांगितलं.

"कुठे?" भवानीबाईंनी विचारलं.

"थोरल्या पातीच्या आळीत."

"म्हणजे वजडी धुतलेली नसणार," कृष्णाजी म्हणाले. "आणि ते या घरात शिजलं नव्हतं. त्यामुळे चालतं." ते भात कालवत होते. भगवंताकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. आता हा काय खातो आणि कुठे खातो याची चिंता करायचं कारण राहिलं नव्हतं, हे त्यांना हळूहळू उमगत असावं. त्यांनी आणखी रस्सा मागितला. जेवण झाल्यावर ते जिनिंगच्या पाळीपर्यंत गाढ झोपले. तापानंतर त्यांना दुपारची अशी झोप लागली नव्हती.

बायका मागून बसल्या. भवानीबाई जेवल्या, हाडं चोखून ताटाच्या कडेला ओळीने लावली आणि मग जे जे चुकलं ते एकेक करून सुनेला सांगितलं. पुढच्या बुधवारी तू वजडी धुवायला बस, तुझे डोळे चांगले आहेत, मी सांगते तसा चुना लाव.

"आत्याबाई, आमच्याकडे चुना नाही लावत," बकुळा म्हणाली. "उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं, साल आपोआप सुटते."

"उकळत्या पाण्याने ती आकसते आणि चिवट होते. म्हणून तुमच्या धारचे लोक रस्सा पातळ करतात, नाही तर गिळायची कशी?"

"बिल्कुल चिवट नाही होत. मी करून दाखवते ना."

भवानीबाईंनी ताट उचललं. अर्धी तू कर, अर्धी मी करते, असं त्या म्हणाल्या, आणि दोन वेगळ्या पातेल्यांत.